बारावं घर

मलकापुरात हनोख झिराडकरला ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि तो नेमका कोण हे सांगू शकेल असा त्याहून विरळा. आडनाव ऐकून लोक त्याला सत्यनारायणाला बोलावतात, दाढी-टोपी बघून ईद मुबारक म्हणतात, पहिलं नाव वाचलेले नाताळात केक आणून देतात. तो कुणाचं मन मोडत नाही. सगळं झालं की सावकाश सांगतो, "आमी ज्यू. मूळचे अलिबागेकडले. बाप रेल्वेत गार्ड होता, बदली होऊन इथं आला. घरात मराठीच बोलतो. शनवारी आमच्यात काम नसते. तेवढं ध्यानात ठेवा, बाकी सोडून द्या."

लोकांनी तेवढंच ध्यानात ठेवलं. पुढं त्याचं वाटोळं झालं ते त्यामुळंच.

मी भालचंद्र. एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. हनोख अकोल्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. ते दैनिक कधीच बंद पडलं, त्याचं नाव घेऊन काय करायचं? त्या काळी बातम्या पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या आणि अकोल्याला पेपरचा माणूस त्या उतरवून घ्यायचा. हनोखचं पाकीट रोज माझ्या हातून जाई. शुक्रवारी दिवस कलला की तो खिशातलं पेन काढून कपाटात ठेवी आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्याला शिवत नसे. मी चिडवायचो, "हनोख, शनवारी मलकापूर जळालं त कसं करशीन बे?"

"पाहीन. तारे निघाले की लिहीन."

सत्तावीस वर्षांपूर्वी नळगंगेच्या काठच्या एका गावात बौद्ध वस्तीनं विहारासाठी जागा मागितली. सरपंच भगवंतराव बिथरला. त्यानं वस्तीचा हापसा साखळी घालून कुलपात ठेवला, गिरणीवाल्याला दळण घेऊ नको म्हणून दटावलं, मजुरी बंद, दुकान बंद. आणि हे सगळं केलं शनिवारी, मुद्दाम. "आज त्या झिराडकराच्या हाती पेन नसते," असं तो चार लोकांत हसून बोलला म्हणे.

हनोखच्या कानावर दुपारी गेलं. तो तसाच पायी निघाला. त्यांच्या धर्मात त्या दिवशी चालण्यालाही मर्यादा असते. ती तो सोयीनं विसरला, पेनाची मात्र विसरला नाही. मला या माणसाचा राग येतो तो इथं. वही न्यायला काय झालं होतं? दिवस मावळताना तो परत आला, माझ्या केबिनच्या बाहेर बाकड्यावर बसला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत राहिला. चहा पुढं केला तर हातानंच नको म्हणाला. तारे दिसल्यावर उठून माझ्याकडून कागद मागितला आणि एका दमात सगळं लिहून काढलं. शेवटच्या गाडीनं मीच ते पाकीट पाठवलं.

बातमी सोमवारी आली. वस्तीतल्या अकरा घरांचं पाणी तोडलं, अकरा कुटुंबप्रमुखांच्या नावांसकट.

तहसीलदार चौकशीला पोचेपर्यंत हापशाचं कुलूप निघालं होतं. पाणी पाहिजे तर तोंड बंद, असा सौदा भगवंतरावानं आधीच करून ठेवला होता. वस्तीत कुणी ब्र काढला नाही. उलट एका बाईनं साहेबांसमोर सांगितलं की कुणी बातमीवाला गावात आलाच नाही. मग भगवंतरावानं तहसीलदाराला वस्तीभर फिरवून घरं दाखवली. बारा होती. "ज्याले घरं मोजता येत नाहीत, तो आलता कवा?" म्हणाला.

संपादकांनी हनोखला बोलावून वही मागितली. वही नव्हती. कुणी माहिती दिली त्याचं नाव मागितलं. ते त्यानं दिलं नाही. बाराची अकरा कशी झाली, यावरही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पान दोनवर चार ओळींचा खुलासा छापून आला. बातमी निराधार आहे, सदर वार्ताहराशी आता आमचा संबंध नाही, दिलगीर आहोत.

मलाही तेव्हा वाटलं, चुकला असेल मोजताना.

पुढचं वर्ष मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. 'परदेशी हेराला गावाबाहेर काढा' अशी पत्रकं वाटली गेली. ज्यांना ज्यू म्हणजे काय हे काल माहीत नव्हतं, ते आज त्याच्या पूर्वजांचा हिशेब मागू लागले. दारावर डांबर फासलं. घरमालकानं खोली रिकामी करून घेतली. न्हावी केस कापीना. रेल्वे फाटकाजवळ चौघांनी गाठून त्याला इतकं मारलं की उजवा हात दोन ठिकाणी मोडला. आणि त्यातून उठून, दुसऱ्या एका पेपरसाठी डाव्या हातानं बातमी लिहून तो स्टँडवर आला, तेव्हा मी पाकीट घेतलं नाही. वरून हुकूम आहे म्हणालो. वरून कुणी काही म्हटलं नव्हतं. मी भ्यालो होतो. तो पाकीट खिशात घालून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं गाव सोडलं नाही. तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला लागला. अर्जातही खोटं लिहीत नसल्यानं गिऱ्हाईक बेताचंच. बायको सिप्पोरावहिनींनी शिलाई मशीन घेतली. मुलगी रूथ ठाण्याला असते. तिथं त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, प्रार्थनेला लागणारी दहा माणसं आहेत, शेवटी दफनाची सोयही आहे. वहिनी किती वर्षं म्हणतात, चला. हनोखचं एकच उत्तर. "खोटारडा म्हणून छापलेला मानूस मी. असा नाही जाणार. खुलासा मागं घेतला की जाऊ."

बंद पडलेला पेपर खुलासा मागं कसा घेणार, हे त्याला कोण सांगणार?

तो दवाखान्यात होता तेव्हा वहिनींनी एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता. संकटातून सुटका झाली की ते लोक गोड भिजवलेल्या पोह्यांचं ताट करतात, खोबरं, वेलदोडा, फळं घालून, आणि आभाराची प्रार्थना म्हणतात. तो नवसही तसाच पडून. ताटाचा विषय निघाला की हा म्हणे, "सुटका झाली कुठं?" आणि दर शनिवारी दुपारी खिडकीशी बसून तेच ओठांतल्या ओठांत घोकणं. वहिनींना वाटे, प्रार्थना म्हणतोय.

यंदा जानेवारीत पत्रकार दिनासाठी समता नावाची मुलगी त्याच्याकडे मुलाखत घ्यायला आली. यूट्यूबवर जिल्ह्याच्या बातम्या देते. त्यानं अर्जांबद्दल, रेल्वेबद्दल भरपूर सांगितलं, त्या बातमीबद्दल एक अक्षर नाही. समतानं घरी जाऊन झिराडकर हे नाव घेतलं आणि तिची आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले घेऊन चाल. शनवारीच जाऊ. शनवारी तो घरी सापडते."

मी तिथंच होतो. शनिवारी दुपारी त्याच्याकडे बसायला जाण्याची मला आता सवय आहे. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. सत्तरी ओलांडलेली सिंधूताई नातीचा हात धरून आत आली आणि खुर्ची सोडून खालीच बसली.

"वळखलं का साहेब?"

"आवाज वळखला," हनोख म्हणाला.

"तहसीलदारानं इचारलं, बातमीवाला आलता का. मी म्हनलं, कोनी नाही आलं. भगवंतराव समोर उभा होता." ती माझ्याकडे वळली. जणू साक्षीदार हवा होता. "अन् हे आलते. माह्याच घरामागं उभे होते. बारा घरं म्याच सांगतली यायले. मंग पाय धरले, माह्या घराचं तेवढं नोका टाकू. माहा मालक मोतीराम भगवंतरावाच्या वावरात सालदार होता, वर्साचं साल बांधलेला, म्हून त्याचं काम तेवढं चालू होतं. पेपरात नाव आलं असतं त कामावरून काढलं असतं त्याले, मारलं असतं. म्हून यायनं अकराच लिवले."

सत्तावीस वर्षं मी याला मोजणीत कच्चा समजत होतो.

"काऊन नाही बोलले तुमी?" ती रडत म्हणाली. "हात मोडून घेतला, अन् नाव नाही सांगतलं."

"शब्द देल्ला होता."

समतानं मोबाइल काढला. हनोखनं हात वर केला. "आज नाही, पोरी. तारे निघू दे."

मी संतापलो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलंय आणि याचे तारे! पण सिंधूताई म्हणाली, "बसते मी." आणि बसली. वहिनींनी पाणी दिलं. उन्हं भिंतीवरून उतरत गेली. मी तीनदा अंगणात जाऊन आभाळ बघून आलो.

तिसरा तारा मीच दाखवला. हनोखनं कपाटातून पेन काढलं, कागदावर टेकवलं, पण मोडलेला हात आता फार थरथरतो. त्यानं पेन माझ्याकडे दिलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. एकेक घर, क्रमानं, न अडखळता. तेव्हा कळलं, दर शनिवारी तो काय घोकत होता. अकरा झाली आणि तो थांबला. सिंधूताईकडे पाहिलं.

"टाकू?"

"टाका. मोतीराम नोका लिवू, तो गेला. सिंधू लिवा. घर माहं हाय."

मी लिहिलं. समतानं त्या कागदाचा फोटो घेतला, आजीचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. आत वहिनींनी कुणाला न विचारता पोहे धुवायला घेतले होते.

हनोखनं कागदाची घडी घातली, सवयीनं पाकिटात सरकवली. त्याचे ते संपादक अजून अकोल्यात आहेत, मुलाकडे, ऐंशीच्या पुढचे. पाकिटावर त्यांचं नाव घालायला सांगितलं.

"छापाले नाही," म्हणाला, "वाचाले." मग पाकीट माझ्यापुढं धरलं. "भालचंद्र, नेशीन का?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं मीच जातो," मी म्हणालो आणि पाकीट घेतलं.