काळी दोनचा तुकडा

खामगावच्या एका इंग्रजी शाळेत मी तात्पुरती संगीत शिक्षिका होते. जागा कायम करायची म्हणून शाळेने उमेदवारांची परीक्षा ठेवली आणि पुण्याहून एक परीक्षक बाई बोलावल्या. पहिल्याच मिनिटाला त्यांना मी आवडले नाही. मलाही त्या आवडल्या नाहीत.

"शिकलात कोणाकडे?"

"वडिलांकडे. देऊळघाटला असतात. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतात."

"म्हणजे बटणवाले!" त्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांकडे बघून हसल्या. "ट्रान्सपोजचं बटण दाबायचं आणि जन्मभर एकाच पट्टीची बोटं फिरवायची. तुम्हीही तेच करता?"

"नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं. बँडमध्ये एका गायकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा बसका. बाबा बोटं तीच ठेवतात आणि बटणाने पट्टी वर-खाली सरकवतात. मी तशीच शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही संगीत घेऊन, पण हात बटणाकडे जायचा तो जायचाच. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या खोलीत मात्र मी लाजले, आणि लाज वाटली म्हणून जास्तच चिडले.

बाईंनी स्पीकरवर एक तुकडा लावला. तीनशे वर्षांपूर्वीची जर्मन रचना, चर्चच्या जुन्या ऑर्गनवर वाजवलेली, जेमतेम दोन मिनिटांची. ऐकून कागदावर तीन गोष्टी लिहायच्या होत्या : पट्टी, गती, भाव.

खाली पायाने दाबलेला एक खर्जाचा सूर सुरू झाला आणि हललाच नाही. वरचे सूर येऊन त्याच्यावर आपटत होते, घासत होते, मागे सरून पुन्हा येत होते. तो ढिम्म. मला तहसील कचेरीतलं टेबल आठवलं, ज्याच्यापुढे बाबा माझ्या जातीच्या दाखल्यासाठी अकरा वेळा उभे राहिले होते. मी लिहिलं : पट्टी काळी दोन, मायनर. गती सावकाश. भाव राग.

बाईंनी कागद दोन बोटांत धरला. "काळी दोन? ही भजनाची पेटी आहे का?"

"ई फ्लॅट मायनर म्हणा. सूर तोच."

"सूर तोच नाही. डी मायनर आहे. छापलंय इथे." त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "आणि भाव राग? ही प्रार्थना आहे. शांत. चर्चमध्ये कोणी भांडायला जातं का?"

"कान माझाही आहे, मॅडम."

"कानच तपासू या की." त्या उठल्या, तुकडा पुन्हा लावला आणि शाळेच्या कीबोर्डवर डी, म्हणजे काळी दोनच्या अलीकडची पांढरी दोन, दाबला.

सूर तंतोतंत जुळला.

मुख्याध्यापक खाली बघून हसले. बाबांनी माझे डोळे बांधून मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखायला लावल्या होत्या, वर्षानुवर्षं. एवढी चूक?

"चला, पट्टी चुकली," बाई एकदम मवाळ झाल्या. जिंकल्यावर मवाळ होणं सोपं असतं. "बाकी तयारी बरी आहे. खोडून डी मायनर लिहा, मी सही करते."

मी पेन उचललं आणि कीबोर्डच्या बारीक पडद्याकडे लक्ष गेलं. तिथे 'अधिक एक' दिसत होतं. सकाळी मुलांची प्रार्थना त्यांच्या आवाजाला सोयीची व्हावी म्हणून मीच पट्टी एक घर वर सरकवली होती आणि बटण तसंच राहिलं होतं. बाईंनी दाबला डी, वाजली काळी दोन.

गप्प बसले असते तर जागा माझी होती.

"ट्रान्सपोज चालू आहे," मी म्हणाले. बटण बंद केलं, तुकडा पुन्हा लावला. "आता दाबा."

त्यांनी दाबलं. डी त्या ऑर्गनशी असा भांडला की मुख्याध्यापकांनी कान चोळला. मी काळी दोन दाबली. भांडण मिटलं.

बाईंचा चेहरा लाल झाला, पण त्या हुशार होत्या. "बटण कोणी लावलं होतं?"

"मी."

"वापरत नाही म्हणालात ना?"

त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली नाही आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

पुढे वाचून कळलं की तिकडचे बरेच जुने ऑर्गन आजच्यापेक्षा एखादं घर चढे लावलेले असत. कागदावर डी, कानाला काळी दोन. म्हणजे पुस्तकही बरोबर होतं. हे मी त्या बाईंना कळवलेलं नाही. कळवणारही नाही.

घरी येऊन बाबांना तुकडा मोबाईलवर ऐकवला. त्यांनी मांडीवर बोटं टेकवून डोळे मिटले.

"काळी दोन," ते म्हणाले. "मंग झालं काय?"

सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही.

"बटणाचं काऊन लपवलं वं? मले तर कधी लाज नाही वाटली."

त्यांनी तुकडा पुन्हा लावला, या वेळी शेवटपर्यंत. "अन् तू काय लिवलं, राग? राग नाही वाटत मले. खालचा सूर पाह्य. तो अडवून नाही राह्यला, उभा हाय बिचारा. वरचे सारे त्याच्याच भरवशावर उड्या मारून राह्यले."

आठ दिवसांनी शाळेचं पत्र आलं. जागा दुसऱ्याला गेली होती.