अक्कांच्या गच्चीवरचं यंत्र

‘नमुना घेताना भट्टी सुरू होती काय?’ असा एक रकाना आमच्या फॉर्मवर असायचा. त्यात मी ‘होय’ लिहिलं. भट्टी बंद होती. सुमनअक्कांबद्दल काही लिहायचं, तर आधी हे सांगितलं पाहिजे.

अक्का धुळ्याच्या कडेला, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यामागे राहत. दर उन्हाळ्यात पतीचं जुनं पांढरं धोतर गच्चीवर अंथरून त्यावर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घालत. एका वर्षी त्या तेच धोतर घेऊन आमच्या प्रदूषण कार्यालयात आल्या आणि माझ्या टेबलावर उलगडून म्हणाल्या, “भाऊ, हाई दख. एक रातमा इतली काजळी. आम्हना छातीमा कितली जात व्हई?” तेव्हापासून त्यांनी बिबडे करणंच सोडलं होतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी धोतर घेऊन येत. शिपाई हसायचे, “साहेब, अक्कांचा अर्ज आला.” अर्ज म्हणजे धोतर.

शेवटी त्यांच्याच गच्चीवर हवा तपासायचं ठरलं. आदल्या दिवशी कारखान्याला फोन करायचा, ही आमच्याकडची रीत. मीही केला. सकाळी पोचलो तर धुराडं थंड. तरी हवा ओढून घेणारं यंत्र गच्चीवर मांडलं. अक्का यंत्रावर छत्री धरून बसल्या. “सकायपासून नुस्ती हवा खाई ऱ्हायनं. भूक नही लागस का याले?” मग हळूच म्हणाल्या, “आज भट्टी बंद शे, भाऊ. मशीन उद्या लाव ना.”

मला परत यायचा कंटाळा होता. कारखान्याच्या मालकाशी वाकडंही घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, “यंत्राला सगळं समजतं, अक्का.”

“बठ्ठं समजस?”

“सगळं.”

हवा स्वच्छ असल्याचा अहवाल गेला; अक्कांनाही मी तसंच सांगितलं. पुढच्या चैत्रात अक्का पुन्हा आल्या, या वेळी धोतराऐवजी बिबड्यांचा डबा घेऊन. “तू सांगं ना, मंग आते काय भ्याव? मन्ही तेजू तं कच्चेच खाई टाकस.” तेजू म्हणजे त्यांची नात, तेव्हा चार वर्षांची. मी डबा घेतला, आभार मानले. घरी नेला नाही. माझ्याही मुली लहान होत्या. वाटेत कचराकुंडीत रिकामा केला, धुऊन परत पाठवला.

दोन वर्षांनी नवीन अधिकारी कोणालाही न कळवता त्याच गच्चीवर गेले. यंत्रातला पांढरा कागद दुपारपर्यंत काळा पडला. कारखान्याला टाळं लागलं. वस्तीतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा तेजूच्या रक्तात शिसं निघालं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होण्याइतकं. तोवर माझी जळगावला बदली झाली होती.

आता तिथे गंजलेली पत्र्याची शेड आहे आणि बाभळी. अक्काही मागच्या वर्षी गेल्या. चैत्रात जळगावच्या गच्च्यांवर पांढरी कापडं दिसली की वाटतं, टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहावं आणि म्हणावं, “भाऊ, हाई दख.” त्यांच्या हातचा बिबडा मी कधी चाखलाच नाही.

त्या जाण्याआधी एकदा मात्र मी धुळ्याला गेलो. अक्का अंथरुणावर होत्या. मला पाहून म्हणाल्या, “इतला वरीसमा येस का रे भाऊ? चहा मांड वं तेजू.” तेजू सोळा वर्षांची झाली होती. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून तिची शाळा सातवीतच सुटली होती. साखर किती घालायची, हे तिने आजीला दोनदा विचारलं.

मी म्हणालो, “अक्का, त्या यंत्राला काही समजत नव्हतं. तुम्ही सांगत होता तेच खरं होतं. मला तेव्हाच माहीत होतं.” बिबड्यांचं काय केलं, तेही सांगितलं.

अक्का म्हणाल्या, “मले नको सांगू. तिले सांग. खादं तिनी.”

तेजू कप घेऊन उभी होती. मी उठलो, कप तिच्या हातून घेऊन खाली ठेवला.

“तेजू,” मी म्हणालो, “तू लहान असताना मी एक खोटं लिहिलं. त्याचा त्रास तुला झाला. माझं चुकलं. मला माफ कर.”