खालाच्या शब्दावर जेवलेली माणसं

कोरियन भाषा मी पुण्यात शिकले. आधी मालिका बघून, मग रीतसर शिकवणी लावून. सांगलीत आमच्या घरी कुणालाच त्यात काही अर्थ दिसत नव्हता. अब्बा म्हणायचे, "अरबी शिकली असतीस तर आखातात तरी नोकरी लागली असती." पुढं एका कोरियन सांस्कृतिक मंडळात मी दुभाषी म्हणून लागले. मंडळानं तेव्हा नवं काम काढलं होतं: कोरियन जेवण हलाल पद्धतीनं करून मुसलमान घरांना त्याची ओळख करून द्यायची. मुली मालिका बघतात, पडद्यावरची माणसं खातात ते त्यांनाही खावंसं वाटतं, आणि घरचे म्हणतात, त्यात डुक्कर असतं, दारू असते, नको. ही भीती घालवायची होती. मोठ्या शहरांतले कार्यक्रम झाले होते. सातारा-सांगलीला चला, असं मीच सुचवलं. तिथं माझी माणसं होती.

मंडळाच्या प्रमुख एक कोरियन बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कामाला वाघ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तिथले लोक आमच्यावर विश्वास कशाला ठेवतील?"

मी म्हणाले, "माझ्या खालावर ठेवतील."

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. तासगावला राहते. आसपासच्या गावांत निकाहाचं, बाळाच्या अकीक्याचं जेवण म्हटलं की तिलाच बोलावणं जातं. मटण कुठल्या दुकानातून आलं, कुणी कापलं, हे विचारल्याशिवाय ती चूल पेटवत नाही. पंगतीत कुणी शंका काढली तर शेजारचा म्हणतो, "ती बाई हाय नव्हं चुलीपाशी? मग खा गुमान."

मी तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "त्यात काय काय घालत्यात ते मला कोन सांगनार?"

"मी सांगेन. मला वाचता येतं."

"मग करू की."

कोरियन बाई तासगावला चार-पाच वेळा आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुसऱ्या दिवसापासून माझी फारशी गरज उरली नाही. मटणाचे पातळ काप मऊ पडावेत म्हणून बाई त्यांना पेअरचा, म्हणजे नासपतीचा, रस चोळायच्या. तो नीट मिळेना. खालानं घरचे बेदाणे भिजवून वाटले आणि ते चोळले. बाईंनी चाखून बघितलं आणि खालापुढं कमरेत वाकून नमस्कार केला. खाला संकोचून म्हणाली, "त्यास्नी सांग, बेदान्याला कोन एवढं वाकत न्हाई." मिरचीची आंबवलेली लाल पेस्ट मात्र बाहेरूनच आणावी लागे. हलालचा शिक्का असलेले तिचे डबे मंडळानं खास मागवले होते. खालानं प्रत्येक डबा माझ्यासमोर धरला आणि मी प्रत्येक डब्यावरची यादी तिला वाचून दाखवली.

पहिला कार्यक्रम साताऱ्यात झाला. माणसं बेताचीच आली, पण आली ती जेवून गेली. कोरियन पोशाख घालून मुलींनी फोटो काढले, आपली नावं कोरियन अक्षरांत लिहून घेतली. एक म्हातारे गृहस्थ चवीसाठी चमचाभर घेऊन ताट भरायला परत आले, तेव्हा खाला पदराआड हसली.

सांगलीत एका मंगल कार्यालयात दुसरा कार्यक्रम होता. तिथं आमचा अंदाज पार चुकला. मिरजेहून, तासगावहून, कुठून कुठून बायका पोरींना घेऊन आल्या. दुपारी दोनच्या सुमारास लाल पेस्ट संपली. मोठं पातेलं चुलीवर, तांदळाच्या पिठाच्या वळकट्या उकडून तयार, आणि बाहेर रांग. बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि स्वतःच्या सामानातले दोन डबे घेऊन आल्या. तोच रंग, तीच कंपनी. पण शिक्का नव्हता.

त्या मला म्हणाल्या, "हे मी घरी वापरते. तुम्हाला चालतं की नाही, मला कळत नाही. तुम्ही बघून सांगा."

मी डबा उलटा केला. मागं बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. शेवटाकडचा एक शब्द मी वाचला, मग पुन्हा वाचला. टिकण्यासाठी घातलेला मद्यार्क. प्रमाण अगदी थोडं असणार, पण शब्द स्पष्ट होता. त्या चुलीपाशी तो वाचता येणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि एवढं थोडंसंही चालत नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

आजही मी स्वतःला विचारते की त्या क्षणी मनात नेमकं काय होतं. सोलहून मंडळाचे वरिष्ठ आले होते. पुढच्या वर्षी परदेशातल्या कार्यक्रमांसाठी माझं नाव सुचवलं जाणार होतं. रांगेत माझ्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या. वळकट्या संपल्या असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आंबवलेल्या कोबीची किमची होती, मटण होतं, भात होता. काहीच बिघडलं नसतं. आता हे सोपं वाटतं.

मी म्हणाले, "चालेल."

खालानं डबा हातात घेतला. नेहमीप्रमाणे माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बगितलंस न्हवं?"

"बघितलं, खाला."

तिनं पेस्ट पातेल्यात घातली, ढवळली, आणि रिवाजाप्रमाणे पहिला घास स्वतः खाल्ला. मग दाराशी जाऊन रांगेतल्या बायकांना म्हणाली, "मी खाल्लंय. तुमी बी खावा निवांत."

कार्यक्रम लय गाजला, असं सगळे म्हणाले. वर्तमानपत्रात खालाचा फोटो आला, बाईंच्या शेजारी उभी असलेली. शेजारच्या मुली तिच्याकडं त्या वळकट्या शिकायला येऊ लागल्या. माझं नाव सुचवलं गेलं आणि मी क्वालालंपूरला गेले. तिथल्या स्वयंपाकघरात शिक्का नसलेला डबा आत आणायलाच बंदी होती. एका स्वयंपाक्यानं चुकून आणलेली सोया सॉसची बाटली तिथल्या बाईंनी सगळ्यांदेखत बाहेर ठेवायला लावली आणि तो सॉस पडलेला पातेलंभर रस्सा ओतून दिला. कुणी कुरकुरलं नाही. पाहुण्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं, ते थांबले. मी भिंतीला टेकून उभी होते. सांगलीतली रांगही थांबली असती, हे मला तिथं कळलं.

परत आल्यावर मी तासगावला गेले. खाला अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मीही तिच्याजवळ बसून देठ काढू लागले आणि सांगून टाकलं. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "तवाच ठाव हुतं तुला?"

"हो."

"मी इचारलं तवा?"

"हो, खाला."

तिनं हातातली मिरची टोपलीत टाकली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं उठली, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला, म्हणजे खालूंना, म्हणाली, "आवं, जरा मशिदीत इचारून येता का?"

खालू विचारून आले. ज्यांनी नकळत खाल्लं त्यांच्यावर काही दोष नाही, असं मौलानांनी सांगितलं होतं. खालानं मान हलवली.

मी म्हणाले, "आणि जिला कळत होतं तिचं?"

"ते मी न्हाई इचारलं. तुझं तू इचार."

मग ती म्हणाली, आपण जाऊन सगळ्यांना सांगू. मी म्हणाले, दोष नाही म्हणतात ना, मग कशाला लोकांचं मन नासवायचं. ती म्हणाली, "दोष नसंल. पर त्यांनी माज्या शब्दावर खाल्लं. माजा शब्द खोटा निघाला, त्यो मलाच सांगाया पायजे." दुसऱ्या दिवशी पुण्यात माझी बैठक होती. बैठक नसती तरी मी काहीतरी कारण काढलंच असतं, हे मी इथं कबूल करते. दुपारच्या एसटीनं मी निघाले. खाला स्टँडपर्यंत पोचवायला आली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, जपून जा म्हणाली.

पुढचं मला अम्मीकडून कळलं. खाला सांगली, मिरज, तासगाव, जिथले चेहरे तिला आठवत होते तिथं तिथं गेली. गुडघे दुखत असताना जिने चढली. दारात उभी राहून सांगायची, "त्या दिवशीच्या जेवनात चूक झाली. माज्याकडनं झाली." माझं नाव तिनं कुठंच घेतलं नाही. बहुतेकांनी तिला आत बोलावून चहा दिला, सोड म्हणाले. शाळेतल्या माझ्या बाईंनी तिचे हात धरले. पण एका घरानं मुलीच्या निकाहाचं ठरलेलं जेवण दुसऱ्याकडं दिलं. खाला म्हणाली, त्यांचं बरोबर हाय.

कोरियन बाईंना मी नंतर फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." त्या दोन शब्द आणखी बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी फोन ठेवला. पुढं माझं काम त्यांनी चालू ठेवलं, पण स्वयंपाकघराची जबाबदारी दुसऱ्या मुलीला दिली.

हे काम मी अजून करते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रत्येक डबा, प्रत्येक बाटली लोकांसमोर ठेवावी, असा नियम मीच मंडळाकडून करून घेतला. लोक त्याचं कौतुक करतात. कौतुक ऐकताना मला तासगावच्या वाटा डोळ्यांपुढं दिसतात, ज्या वाटांनी मी तिच्यासोबत चालायला हवं होतं.

खाला माझ्याशी बोलते. ईदला बोलावते, पुढ्यात बसवून खाऊ घालते, लग्नाचं कधी बघणार म्हणून छळते. आता तिच्या स्वयंपाकाला मदतीला तिची सून असते. गेल्या ईदला मी चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "दे, मी ढवळते." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. तू भाईर बस, पावन्यांशी बोल." मी बाहेर जाऊन बसले.