बायपासवरचे मेजर

मेजर कधी आवाज चढवून बोलले नाहीत. सैन्यात रस्ते बांधणाऱ्या तुकडीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्याकडे पलटणीतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. बांधावरून भांडण लागलं की लोक त्यांना बोलवत. ते पावलांनी अंतर मोजत आणि सांगत, "हितं दगड पुरा." दगड तिथंच पुरला जायचा.

आष्ट्याच्या बाजूच्या आमच्या गावाला वळसा घालून बायपास जाणार असं ठरलं, तेव्हा उसाची जमीन द्यायला कुणी तयार नव्हतं. पहिली सही मेजरांनी केली. माझे चुलते, नाना, अडून बसले होते. मेजर त्यांना म्हणाले, "नकाशात आपल्या पाणंदीला बोगदा हाय, नाना. मी सवता बघितलाय. रानात जायला काय अडचण न्हाई." त्या शब्दावर नानांनी सही केली. मग गावानंही केली.

रस्ता झाला. बोगदा मात्र पाणंदीपासून दीड किलोमीटरवर, भलत्याच ठिकाणी निघाला. नकाशा मधेच बदलला होता आणि गावाला कुणी सांगितलं नव्हतं. वस्ती अलीकडे, रानं पलीकडे. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बाया चार पदरी रस्ता ओलांडू लागल्या. पहिल्याच वर्षी माझी काकी, नानांची बायको, ट्रकखाली गेली.

मेजर मातीला आले आणि लांबच उभे राहिले. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे पाच वर्षं ते त्यांच्याशी बोलले नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून मेजर सकाळ-संध्याकाळ त्या जागी लाल फडकं घेऊन उभे राहू लागले. ते वाहनांना थोपवत आणि बायांना सांगत, "पळायचं न्हाई. माझ्या मागनं या." दुपारी बोगद्यासाठी अर्ज लिहीत, कचेऱ्यांत बसून राहत. एकदा मी म्हणालो, "आवं मेजर, यात तुमची काय चूक?"

"नकाशा त्यांचा हुता रं," ते म्हणाले. "शबूद माझा हुता."

अखेर पाणंदीच्या जागी बायपासखालून बोगदा झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मेजर आमच्या घरी आले. नाना ओट्यावर होते. मेजर अंगणातच थांबले. म्हणाले, "उद्या पुढारी येतील. त्याच्या आदी तुमी चला."

नाना ओट्यावरून उठले. मग त्यांनी चपला घातल्या. मी मागून गेलो. बोगद्यात शिरलो तेव्हा डोक्यावरून एक अवजड गाडी गेली आणि भिंत थरथरली. नाना थांबले.

"लय उशीर केलासा, मेजर."

"व्हय," मेजर म्हणाले.

नानांनी त्यांचं मनगट धरलं. दोघं तसेच रानापर्यंत चालत गेले.

मेजर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटच्या आजारात नाना रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसायचे. तोंडात शेवटचं पाणीही नानांनीच घातलं.