आंटींना गोड चालत नाही

लखनौच्या थंडीत रबराची गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायची आंटींना सवय होती. त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला पिशवीने त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा भाजला आणि त्यांना ते कळलंच नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर मोजा ओला दिसला. काढून बघते तो अंगठ्यावर हा मोठा फोड. आणि आंटी वरून मलाच म्हणतायत, "क्या देख रही है? चाय ठंडी हो रही है।"

दुखलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

आठवड्याभरात अंगठा काळसर पडला. रिक्षात घालून मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. दुसरं होतं कोण बरोबर? म्हणाले, "मीठा बिल्कुल बंद। शुगर ऐसी ही रही तो अंगूठा जाएगा, फिर पैर।" मी मान हलवली. सातवीत शाळा सुटलेली मी. आई आजारी पडली आणि धाकट्यांना सांभाळायला घरी बसले ती बसलेच. मोठ्या माणसाने असं काही सांगितलं की मला आधी वाटायचं, आपण नीट ऐकलं नसणार. त्या दिवशी मात्र नीट ऐकलं होतं.

आंटी आमच्या घरमालकीण. ख्रिश्चन, विधवा, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. माझ्या नवऱ्याला रेल्वेत नोकरी लागली म्हणून वर्ध्याकडच्या खेड्यातून मी लखनौला आले, तेव्हा मानक नगरच्या क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत म्हणून आम्ही आंटींची मागची खोली घेतली होती. मला हिंदी येत नव्हती. दुकानात जाऊन "पीठ द्या" म्हटलं तर दुकानदार माझ्या पाठीकडे बघायचा, कारण तिकडे पीठ म्हणजे पाठ. पहिल्या बाळंतपणात बाळ आडवं आलं. हे ड्यूटीवर, माहेर दोन रात्रींच्या प्रवासावर. आंटींनीच माझा हात धरला, गाडी बोलावली, दवाखान्यात रात्रभर त्या माझ्यापाशी उभ्या होत्या. आम्ही दोघी जगलो, मी आणि माझी मुलगी, ते त्यांच्यामुळे. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. बोलायला गेलं की त्या म्हणायच्या, "चुप कर, दाल जल रही है।"

आता त्यांचा पाय माझ्या हातात होता, आणि बडा दिन तोंडावर आला होता. लखनौत नाताळला बडा दिन म्हणतात.

"आंटी, यंदा केक नको," मी भीत भीत म्हटलं.

"बड़ा दिन साल में एक बार आता है। पैर तो दो हैं।"

अशी बाई. जन्मभर दुसऱ्यांना पथ्य सांगितलं, स्वतःचं नाव काढू देईनात. वर मलाच हसत, "रो मत, अभी कटा नहीं है।"

मी नवऱ्याला म्हटलं, त्या ऐकणार नाहीत, खाणारच. हे म्हणाले, "मंग त्यायले चालंल असा कर ना बाप्पा एखादा." सहज म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. माझ्या मात्र डोक्यात ते घुसलं.

केक मी आंटींच्या हाताखालीच बघितला होता. मैदा, साखर, तूप, अंडी, पेठा, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, आणि रंगाला जाळून काळी केलेली साखर. म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं एका ताटात. मी एकेक काढत गेले. मैद्याच्या जागी कणीक, तीही खमंग भाजून, म्हणजे रंग येईल. तूप जेमतेम, त्याच्याऐवजी दही. पेठा नको, गाजर किसून. मुरंबा नको, संत्र्याची साल उकळून, कडवटपणा काढून, बारीक चिरून. अक्रोड मूठभर. साखर नाहीच. जळक्या साखरेच्या जागी चहाचा दाट काढा. आणि जायफळ, दालचिनी, सुंठ जरा जास्त. वास गोड आला की जीभ फसते, असा माझा हिशेब. आता मासिकांतून अशा केकच्या कृती रंगीत फोटोंसकट येतात. तेव्हा विचारावं कुणाला? दवाखान्यात पुन्हा जाऊन डॉक्टरांना तेवढं विचारून आले. ते वैतागून म्हणाले, "एक पतला टुकड़ा। और उस दिन एक रोटी कम।"

ओव्हन नावाची वस्तू आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हती. जाड पातेल्यात वाळू घातली, ते कोळशाच्या शेगडीवर ठेवलं, आत डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. पहिला केक वरून जळला, आतून पिठलं. दुसरा फुगला आणि माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यासारखा बसला. तिसरा निघाला अखंड, पण असा कडक की यांनी तो ताटलीवर आपटून पाहिला. "हा केक हाय का रुळाखालचा स्लीपर?"

मला हसू आलं नाही. टाकवेना म्हणून तो डब्यात ठेवला आणि शेगडीपाशी बसून रडले. पाय वाचवायचा होता आणि मला साधा केक जमत नव्हता. पुढे शिकले असते तर कुठेतरी वाचलं असतं, असं राहून राहून वाटे.

आंटींना वास लागला होताच. "क्या जला रही है रोज़?" मग सांगावंच लागलं. त्या पायाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक है। लेकिन भट्ठी का होना चाहिए। और काला। और बड़े दिन जैसा महके। मेरी नाक को तू बेवकूफ़ नहीं बना सकती।"

त्यांनी हो म्हटलं! मी पदराने डोळे पुसत बाहेर आले.

भट्टीचं असं असे: नाताळाआधीच्या दिवसांत लखनौची ख्रिश्चन कुटुंबं आपापलं सामान घेऊन बेकरीत जात. मैदा, साखर, अंडी, सगळं आपलं. बेकरीवाला आपल्यासमोर ते मोठ्या परातीत फेसायचा, डब्यांत ओतायचा आणि भट्टीत लावायचा. लोक बाकावर बसून राखण करत, नाहीतर आपलं तूप दुसऱ्याच्या केकात जाईल ही धास्ती. आंटी वर्षानुवर्षं एकाच भट्टीवर जात. तिथले बेकरीवाले चचा पूर्वेकडच्या गोंडा-बस्ती जिल्ह्यांतले, पांढरी दाढी, पिठाने आणखी पांढरी. त्यांची दोन मुलं आंटींच्याच हातांत जन्मलेली. त्यामुळे आंटी आल्या की बाकावरची जागा आपोआप रिकामी व्हायची.

त्या वर्षी सामान घेऊन मी एकटी गेले. धुकं असं की भट्टीचा दरवाजा सापडेना. आत गर्दी, अंड्यांचा वास, बायका शालीत गुरफटून बसलेल्या. चचांनी माझी पिशवी उघडली. कणीक बघून भुवई वर गेली. गाजर बघून दुसरी.

"ई का है बिटिया? हलवा बनावै का है?"

बाकावर हशा पिकला. माझे कान तापले.

"और चीनी कहाँ है?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. घाबरले की माझी हिंदी पळून जाई आणि मराठीच तोंडात येई. म्हणाले, "चीनी नहीं है। आंटी को गोड नहीं चलता।"

चचांचा हात परातीतच थांबला. "गोड़ नाहीं चलत? एकदम?"

"एकदम नहीं चलता। डॉक्टर ने बोला।"

"हाय अल्ला."

बाकावरच्या बायका च्‌ च्‌ करू लागल्या. एक म्हणाली, "बेचारी, इतना चलती थीं।" ते मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मला वाटलं, यांच्यात गोड खाण्याला चलना म्हणत असतील. माझ्या हिंदीचा मला तेवढाच भरवसा.

"फिकिर न करो," चचा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम घर जाओ, उनके पास बैठो। केक हम बनाय देब। उनका केक है, हमरे ऊपर छोड़ो।"

राखण करायला बसायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण घरी आंटी एकट्या, मुलगी शेजारी ठेवलेली, आणि माणूस असं डोळ्यांत पाणी आणून सांगतंय, तर तिथे बसून त्याच्यावर पाळत ठेवायची? मी निघाले.

संध्याकाळी केक आणायला गेले, तर असा केक मी जन्मात पाहिला नव्हता. काळाभोर, वर तकाकी, मधोमध छान फुगलेला. चचांनी स्वतः कागदात बांधून दिला. मला वाटलं, ही माझ्या चहाच्या काढ्याची करामत. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले होते, ऊब साडीतून लागत होती, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मला वाटलं, पाय वाचतो.

बड्या दिवसाच्या सकाळी आंटी रिक्षाने चर्चला जाऊन आल्या. आमच्या घरी बुद्धवंदना, पण त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मीही हात जोडून उभी राहायची. त्यांनी सुरी घेतली, पातळशी फोड कापली, आधी हुंगली, मग तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"अरे," त्या म्हणाल्या. "अरे वाह, लड़की।"

कागदाला चिकटलेला चुरा मी जिभेवर ठेवला. गोड. नुसता गोड नाही, पाकात घातल्यासारखा गोड. पेठ्याचा तुकडा दाताखाली आला.

"थूकिए!" मी ओरडले. "आंटी, थूकिए! चीनी है इसमें!"

त्यांनी सावकाश गिळलं. "वो तो मुझे पहले कौर में पता चल गया।"

कसं झालं, कुणी घातली, मी तर सांगितलं होतं! त्यांनी विचारलं, काय सांगितलं होतंस, अक्षरशः सांग. मी सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की पलंग हलला.

"पगली! गोंडा वालों से बोली गोड़ नहीं चलता! गोड़ मतलब पैर!"

म्हणजे चचांना वाटलं, आंटींचा पाय गेला, चालणं बंद झालं. म्हणून सामान असं अपुरं, म्हणून साखर आणायलाही कुणी नाही. त्यांनी माझी कणीक बाजूला ठेवली आणि स्वतःच्या घरचा मैदा, तूप, साखर, पेठा घालून आंटींसाठी केक केला होता. त्यांच्या मुलांच्या दाईसाठी.

आंटी हसत होत्या, मला हसता येईना. केक समोर होता. त्यांना हवा तसाच, भट्टीचा, काळा, बड्या दिवसाचा. एक घास गेलाच होता. आता त्यांनी आणखी एक फोड कापली असती तर मी कोण अडवणार? भाडेकरू. त्यांच्या हातात सुरी होतीच. मी त्यांच्या बँडेजमधल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

त्यांनी सुरी पुसली. बोटाला लागलेला चुरा चाटला. तेवढं मी पाहिलं नाही असं केलं.

"वो रेल वाला कहाँ है? जो तेरा आदमी पटक रहा था?"

मी डबा आणला. स्लीपर सुरीने कापेना, यांना बोलावून तोडावा लागला. आंटींनी एक तुकडा बिनसाखरेच्या चहात बुडवला, चघळला, बराच वेळ चघळला.

"बेकार है," त्या म्हणाल्या. मग आणखी थोडा बुडवला. "महक ठीक है।"

चचांचा केक गल्लीत वाटला. वाटायला निघाले तेव्हा आंटींनी मागून हाक मारली, "उसको मत बताना कि मैंने नहीं खाया।"

अंगठा वाचला नाही. जानेवारीत तो काढावा लागला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते आणि मला सारखा तो एक घास आठवत होता. डॉक्टर म्हणाले, एका घासाने काही होत नाही, अंगठा आधीच गेला होता. आंटींनी पथ्य धरलं म्हणून सडणं वर पायात चढलं नाही. मी ते नीट ऐकलं की नाही, याची मला आजही खात्री वाटत नाही. पण पाय राहिला. उन्हाळा लागेपर्यंत आंटी काठी टेकत गेटपर्यंत जाऊन भाजीवाल्याशी भांडू लागल्या.

पुढच्या बड्या दिवसाला मी पुन्हा कणीक, गाजर, संत्र्याची साल घेऊन भट्टीवर गेले. या खेपेला बाकावर ठाण मांडून बसले, आणि "चीनी की बीमारी" हे शब्द घरून घोकून आले होते. चचांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि माझी कणीक फेसायला घेतली. त्या भट्टीत तो मऊ आला. नंतर आम्हाला क्वार्टर मिळालं, तरी आंटी होत्या तोवर दर वर्षी तो केक मीच भाजून आणायची. चचा परातीवरून मान वर करून तेच विचारायचे, आणि बाकावरच्या नव्या बायकांना कळायचं नाही की आम्ही दोघं का हसतो.

"काहे बिटिया, आंटी का गोड़ चलत है?"

"गोड़ चलता है, चचा। गोड नहीं चलता।"