दोन्ही बाह्या डाव्या

मास्टरांचा हात आधी समोरच्याच्या खांद्यावर जाई, नमस्कार मागून. ओळख असो वा नसो. अंगठा मानेपासून बाहीपर्यंत शिवणीवरून फिरे आणि ते म्हणत, "खांदा बघा. खांदा चुकला की सगळं चुकलं." एका बँक मॅनेजरच्या खांद्यावरून तो अंगठा फिरताना मी पाहिला आहे. एका लग्नात नवरदेवाच्या खांद्यावरूनही फिरला. नवरदेव बिचारा हार घालायचा थांबला होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याला समोरचा माणूस आधी स्वतःच्या कामातून दिसतो आणि मग तोंडावरून.

जयनगरात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. आठ फूट बाय अकरा. हे माप मला माहीत आहे, कारण नवं कपाट बसेल का, ते त्यांनी मलाच मोजायला लावलं होतं. मी एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. हे कळल्यापासून ते मला आपल्याच जातीचा समजत. त्यांचं घराणं सात पिढ्या बेंगळुरूत. घरात मराठी, पण त्यात कानडी इतकी मिसळलेली की माझ्या निपाणीच्या कानालाही कधी कधी अडखळायला व्हायचं. मी इथे येऊन सव्वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या हिशेबात आम्ही "नवीन लोक" होतो.

माझ्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं आणि मी कोटासाठी कापड आणलं. राखाडी, लोकरी, दोन मीटर. मास्टर म्हणाले होते सव्वादोन आणा. मी कापडवाल्याला विचारलं, तो म्हणाला माझ्या अंगाला दोन मीटर पुरतं. पुरतं तर जास्त कशाला आणायचं, असा माझा स्वभाव. मास्टरांनी कापड हातभर उलगडलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते पिशवीत ठेवलं.

रविवारी दुपारी चार वाजता ते माप घ्यायला घरी आले, तेव्हा टीव्ही चालू होता. आठवडाभर कारखाना आणि रस्त्यावरची वाहनं यांनी माझा असा पिट्टा पडतो, की रविवारी जे लागेल ते मी पाहतो. त्या दिवशी एक माहितीपट लागला होता. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांतले जुने गायक, ज्यांच्यापासून तिथलं ग्रामीण संगीत सुरू झालं, त्यांच्यावरचा. एकूण आठ भाग, दर रविवारी एक. गिरणीत राबणारे, खाणीत उतरणारे, शेतावरचे लोक. कुणीतरी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गावात आलं आणि हे लोक डोंगर उतरून, ठेवणीतले कपडे घालून, रांगेत उभे राहिले. तेव्हाचे काळेपांढरे फोटो एकामागून एक येत होते.

मास्टर टेप गळ्यात घालून उभेच राहिले. हे कोण, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "ते सरी, ठीक. पण यांचा शिंपी कोण?"

माझी बायको आतून हसली. मास्टर खुर्चीवर बसले आणि माप घ्यायचं राहून गेलं; ते पुढच्या रविवारी घेतलं.

त्यानंतर दर रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजे. इंग्रजी निवेदन त्यांना फारसं कळत नसे, मी मधून मधून सांगे. पण त्यांना माझी गरज कमीच होती. हा कोट सासऱ्यानं दिलेला आहे, असं ते सांगत. ह्या बाईनं झगा स्वतः शिवलाय, पण मशीनवर नाही. ह्याला टाय बांधायची सवय नाही, आजच बांधलीय. एक म्हातारा गायक सांगत होता की पहिल्या ध्वनिमुद्रणाला त्याने गिटार उसनी नेली होती. मास्टर म्हणाले, "गिटारीचं मला माहीत नाही, पँट नक्की उसनी आहे." गाणी मात्र त्यांना रडकी वाटत. आगगाडी, आई, मरण, पुन्हा आगगाडी. एकदा म्हणाले, आपल्या भजनासारखंच आहे हे, फक्त देव कमी.

तिसऱ्या रविवारी दोन भावांचा फोटो आला. दोघं मिळून गायचे. थोरला खाणीत दगावला, तेव्हा धाकट्याने एकट्याने जाऊन गाणी मुद्रित केली, असं निवेदक सांगत होता. लगेच त्या धाकट्याचा एकट्याचा फोटो आला. मास्टर उठून पडद्यापाशी गेले, नाक टेकेल इतके जवळ, आणि म्हणाले, "थोरल्याचाच कोट आहे. बाही आत घेतलीय. दीड इंच."

मला अशी विधानं तपासल्याशिवाय ठेववत नाहीत. मी चित्र थांबवलं, मागे नेलं. दोन्ही फोटोंत तीन बटणं, त्यांतलं मधलं इतर दोहोंपेक्षा मोठं आणि फिकट. कोट एकच होता. हे निवेदकाने सांगितलं नाही, बहुधा त्याला माहीतच नव्हतं. मास्टर खुर्चीकडे परत आले आणि बायकोला म्हणाले, "अक्का, भावाचा कोट घालून गायचं म्हणजे सोपं नाही. खांदा टोचत राहतो."

ते पडद्यापाशी का गेले, याचा विचार तेव्हा मी केला नाही.

आमच्या हॉलमधली फरशी दोन फुटांची आहे. पहिल्या रविवारी मास्टरांची खुर्ची टीव्हीपासून चार फरश्यांवर होती. चौथ्या रविवारी दोनवर. पाचव्या रविवारी एकीवर. मुद्दाम मोजलं असं नाही, माझे डोळे असं मोजतच असतात. भाग संपल्यावर मी सरळ विचारलं, मास्टर, दिसत नाही का?

त्यांनी टेपची गुंडाळी केली. मग म्हणाले की डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चालला आहे, दोन्ही डोळ्यांचा. चष्म्याने भागणार नाही आणि ऑपरेशन नाही, डॉक्टरांनी तसं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. त्यांची मुलगी एचएसआर लेआउटला राहते. तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून त्यांना घेऊन गेली असती. "कात्री हातात आहे तोवर मी मास्टर," ते म्हणाले. "मग नुसता कुणाचा तरी बाप. तिला सांगू नका."

त्या रात्री बायको म्हणाली, कापड परत आणा. महाग कापड आहे, लग्न जवळ आलंय. तिचं बरोबर होतं. मंगळवारी कामावरून येताना मी दुकानात गेलो. मास्टरांनी माझं कापड टेबलावर अंथरलं होतं आणि ते त्यावर ओणवे होऊन खडूने रेघ ओढत होते, डोळा कापडापासून चार बोटांवर. मी दारात उभा राहिलो. माझ्याबद्दल लोक म्हणतात की हा माणूस तोंडावर बोलतो. त्या दिवशी बोललो नाही. दया आली म्हणून, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी दमलो होतो, आणि ते बोलणं लांबलं असतं. चहा पिऊन परत आलो.

सहाव्या रविवारी ते आले नाहीत. सातव्या रविवारी आले, नेहमीच्या वेळी. मी टीव्ही लावायला गेलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. पिशवीतून कोटाच्या दोन कापलेल्या बाह्या काढून दिवाणावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोन्ही डाव्या," ते म्हणाले.

कसं झालं ते त्यांनी नीट सांगितलं, आमच्याकडे बिघडलेल्या भागाचा अहवाल देतात तसं. कापडाची दुहेरी घडी घालून कापलं की उजवी आणि डावी बाही आपोआप जोडीनं निघते. कापड कमी असलं की घडी मोडून ते एकेरी अंथरावं लागतं, आणि एक बाही कापून झाली की मापाचा कागद उलटा ठेवून दुसरी कापायची. विसर पडू नये म्हणून ते कागदाच्या एका बाजूला खडूची फुली मारत. त्या दिवशी फुली दिसली नाही. कापडाची उलटी बाजू खरखरीत, म्हणून एक बाही पालटून लावणंही शक्य नव्हतं. तीन दिवस ते तशाच कापडासाठी चिकपेटेच्या कापडबाजारात फिरले. एका ठिकाणी मिळालं असं त्यांना वाटलं. रंग वेगळा आहे, हे दुकानदारानेच त्यांना सांगितलं.

मी म्हणालो, कापड कमी मी दिलं.

"कमी आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. तेव्हा मी नाही म्हणायचं होतं." ते बाह्यांवरून हात फिरवत राहिले. "पन्नास वर्षं दुसऱ्यांना शिव्या दिल्या हो या चुकीसाठी. अण्णा, तुम्ही मापाचा माणूस. गोड बोलत नाही. सांगा, मी बंद करू?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. नको, अशी.

मी म्हणालो, "हो."

मास्टर म्हणाले, "सरी." मग म्हणाले, टीव्ही लावा, वेळ झाली. आम्ही सातवा भाग पाहिला. त्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी भाषांतर केलं नाही.

महिनाअखेर दुकान बंद झालं. मशीन ओळखीच्या एका बाईने नेलं. कोटाचं त्यांनी बिनबाह्यांचं जॅकेट केलं. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, कडा हाताने, बोटांनी चाचपत शिवल्या. डाव्या मुंढ्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सरळ आहे. उजवीकडे निम्म्यावर तो वर चढतो, परत खाली येतो, पुन्हा चढतो. लग्नात मी ते घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्टर पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलीने फोन केला तेव्हा मी कारखान्यात होतो. त्याआधी तीन आठवडे मी त्यांना भेटायला एचएसआरला गेलो होतो. चौदाव्या मजल्यावर, गॅलरीत ते बसले होते, आणि घरातले वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालत होते. मुलगी सांगत होती की घड्या दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत, आणि सैल झालेलं एकही बटण त्यांच्या बोटांतून सुटत नाही.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मुलगी चहा करायला आत गेल्यावर म्हणाले की, बरं झालं तुम्हाला विचारलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मास्टर, चालेल अजून दोन वर्षं. आणि मी ऐकलं असतं, कुणाच्या तरी लग्नाचं वाटोळं केलं असतं.

खाली रस्त्यावर वाहनं तुंबली होती, त्यांचे भोंगे इतक्या वर बारीक ऐकू येत होते.

त्यांनी जावयाचा शर्ट मांडीवर पालथा घातला, बाह्या मागे दुमडल्या, आधी एक, मग दुसरी.

"पण अण्णा," ते म्हणाले, "हो म्हणायला स्वल्प वेळ घ्यायचा होता."