सुंदरम्माची जागा

ईरप्पा होटगी जंक्शनवर गँगमन होता. दिवसभर रुळांखालची खडी सावरायची आणि संध्याकाळी तीन मैल चालत आपल्या गावी यायचं. बाप कातडी कमावणारा ढोर. ईरप्पानं तो धंदा धरला नाही. अठराव्या वर्षी एका फिरत्या जंगमस्वामीकडून त्यानं लिंगदीक्षा घेतली. तेव्हापासून गळ्यात लिंग, पूजेशिवाय तोंडात पाणी नाही, मांस-दारूचं नाव नाही. कन्नड वचनं तर शेकड्यांनी पाठ. बायको सुंदरम्मा, तिनंही लिंग बांधून घेतलेलं. वीस वर्षं ती गावातल्या मठाचं अंगण सारवत होती. फक्त अंगण.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात मठात पुराण सांगायला शास्त्री आले. कुणीतरी विचारलं, "बुवा, जात जन्मानं ठरते का आचरणानं?"

"आचरणानं," शास्त्री म्हणाले. "लिंग धारण केलं की मागची जात उरत नाही."

मठाचा पंच, भुसार दुकानदार रेवणप्पा, लगेच उठला. "लांब कशाला जायचं? आमचा ईरप्पा बघा की. आमच्यापरीस चोख हाय!"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. ईरप्पा पायरीखाली बसला होता. घरी येऊन त्यानं ते सुंदरम्माला दोनदा सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिला सगळं समजलं.

"अवो, मला वढ्याकाठी नका ठेवू," ती म्हणाली. मठाच्या लिंगायतांची माती मठामागच्या जागेत होत असे. ढोरांची ओढ्याच्या काठाला, आणि दर पावसाळ्यात पाणी तो काठ खात असे. त्यांची थोरली लेक चार महिन्यांची होऊन गेली होती. तिची जागा अशीच वाहून गेली. "मठामागं ठेवा. आपली मागली जात गेली म्हणताय न्हवं?"

"व्हय. ठेवीन," ईरप्पा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ईरप्पा तसाच रेवणप्पाच्या दुकानी गेला आणि पायरीशी उभा राहून त्यानं जागा मागितली. रेवणप्पानं हातातलं माप खाली ठेवलं.

"ईरप्पा, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर..."

"शास्त्रीबुवा म्हणाले व्हते, अण्णा. तुमी बी म्हणाला."

"म्हणालो की. खोटं न्हाय म्हणालो. पर त्या मातीत माझा बाप हाय, आजा हाय. लोक काय म्हणतील? दोन पोरी लग्नाच्या हायत माझ्या."

"माझं काय करायचं राहिलंय, अण्णा? तेवढं सांगा. ते करतो."

"तुझं काय बी राहिलं न्हाय," रेवणप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "जा बाबा. ऊन चढायला लागलं. बाई घरात हाय."

तो चिडून बोलला असता, शिवी दिली असती, तर ईरप्पाला निदान भांडता आलं असतं. रडणाऱ्या माणसाशी काय भांडणार? तो मागं फिरला.

भाऊबंदांनी ओढ्यापासून जमेल तितक्या लांब खड्डा काढला. लिंगायत रीतीनं सुंदरम्माला त्यात बसवलं, विभूती लावली, माती लोटली. दुसऱ्या दिवसापासून ईरप्पा काठाला दगड रचू लागला. पाण्यापुढं रचलेला दगड किती टिकतो, हे रुळाचा भराव सांभाळणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. तरी तो रचत राहिला.

पाचव्या दिवशी रेवणप्पा नारळ घेऊन दारात आला.

"आत या, अण्णा."

"उभ्यानंच बरं."

ईरप्पा म्हणाला, "सांगितलं मी तिला."

"कुणाला?"

"सुंदरम्माला. माती लोटताना. मठामागली जागा भरली म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगू?"

रेवणप्पानं नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि तो चालू लागला.